गोधडीचा छंद धंद्यात आणताना आधी काय घ्यावं: रोटरी कटर, वॉकिंग फूट आणि मधल्या थराचं परीक्षण

घरात आणि नात्यात दोन-चार गोधड्यांचं कौतुक झालं, मग कुणीतरी म्हणालं, ‘पैसे देते, मला एक करून दे.’ अशा वेळी बहुतेकींच्या मनात पहिला विचार नव्या मशीनचा येतो, आणि दुकानदारही त्याला खतपाणी घालतो. आमचं मत वेगळं आहे. घरात झिगझॅगचं साधं मशीन असेल, म्हणजे उषा जानोमेचं ड्रीम स्टिच किंवा अल्युअर अशा जातीचं, तर सुरुवातीच्या पंचवीस-तीस गोधड्या त्यावर व्यवस्थित निघतात. आधी पैसे घालावेत ते कापड कापायच्या हत्यारांत, मशीनला लावायच्या वॉकिंग फुटात (कापड वरूनही पुढे ओढणारा, स्वतःचे दात असलेला दाबपाय) आणि गोधडीच्या पोटात जाणाऱ्या थरात. विकायच्या गोधडीत चूक होते ती बहुतेक याच तीन ठिकाणी, आणि तास वाया जातात तेही इथेच.

हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच माप धरलं आहे: सिंगल बेडची ६० बाय ९० इंचांची गोधडी, वरचा भाग ५ इंची चौकोनी तुकड्यांचा, खाली जुन्या सुती साडीचं अस्तर.

या मापात आडवे १२ आणि उभे १८ असे २१६ तुकडे बसतात. दोन्ही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरून प्रत्येक तुकडा साडेपाच इंचांचा कापायचा. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर साडेपाच इंच रुंदीच्या एका पट्टीतून ८ तुकडे निघतात, म्हणजे २७ पट्ट्या, म्हणजे १४८.५ इंच कापड. पावणेचार मीटरला थोडं जास्तच होतं. ४ मीटर घ्यावं. खडूने आखून कात्रीने हे २१६ तुकडे कापायला सवयीच्या हातालाही चारेक तास लागतात. रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या सुरीने, तेच काम दीड तासात होतं. पण वेळेपेक्षा मोठा फायदा मापाचा आहे. कात्रीने कापताना खालचं पातं कापड उचलतं, त्यामुळे चार थरांतला खालचा तुकडा वरच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर वेगळा येतो. एका तुकड्यात ते कळत नाही. मात्र शिवणीची माया दोन्ही तुकड्यांवर दीड-दीड मिलिमीटर जास्त गेली, तर एका ओळीतल्या ११ शिवणींत ३३ मिलिमीटर गायब होतात. शेजारची ओळ बरोबर मापाची असेल तर दोन्ही जुळवताना कुठेतरी ओढाताण करावी लागते, आणि गोधडी सपाट न पडता मध्ये फुगते.

रोटरी कटर म्हणजे गोल पात्याची, पिझ्झा कापायच्या चाकासारखी दिसणारी सुरी. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये ती बाजारात आणली. पाती १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटरची मिळतात. गोधडीसाठी ४५ घ्यावं. २८ चं पातं वळणदार आकारांना चांगलं असतं, पण चार थरांत हाताला जोर लावावा लागतो. ६० चं जाड थरांना उत्तम असलं तरी छोट्या तुकड्यांच्या कोपऱ्याशी नीट थांबत नाही. ओल्फात ४५ चे दोन प्रकार जास्त दिसतात. सरळ पिवळ्या दांड्याच्या कटरला पात्यावरचं झाकण अंगठ्याने मागेपुढे सरकवावं लागतं. वळणदार मुठीच्या कटरची मूठ दाबली की पातं बाहेर येतं आणि सोडली की आत जातं. घरात लहान मूल असेल तर वळणदार मुठीचाच घ्यावा. कामाच्या नादात सरळ दांड्याचं झाकण उघडं राहून जातं, आणि हे पातं बोटाला लागलं तर जखम खोल होते. रोज तास-दोन तास कापायचं असेल तर वळणदार मुठीने मनगटही कमी दुखतं.

पात्याची धार कशी ओळखायची हे माहीत असलं की बराच खर्च वाचतो. पातं सगळीकडून बोथट झालं असेल तर कापड पूर्ण कापलंच जात नाही, एकाच रेषेवर दोनदा फिरवावं लागतं. ठरावीक अंतरावर एखादा धागा न कापता राहत असेल तर पात्याला एका जागी खाच पडली आहे असं समजावं. ४५ मिलिमीटरच्या पात्याचा घेर साधारण १४ सेंटिमीटर असतो, म्हणून न कापलेला धागा दर १४ सेंटिमीटरवर दिसतो. ही खाच जवळजवळ नेहमी टाचणीवरून पातं गेल्याने पडते. कापायच्या कापडात टाचणी ठेवूच नये. साडीची जर आणि फॉलच्या शिवणीतल्या गाठीही पात्याला त्रास देतात, म्हणून काठ आणि फॉल आधी उसवून बाजूला काढावेत. आणखी एक गोष्ट: नवीन पाती तेल लावलेली येतात आणि एकमेकांना चिकटलेली असतात. घाईत दोन पाती एकदम बसली तर कटर जड फिरतो आणि कापड चघळल्यासारखं दिसतं. कंपनी वाईट माल देते अशी तक्रार करण्याआधी पातं काढून नखाने कड तपासावी. जुळवताना क्रम चुकू देऊ नये: स्क्रू, पातं, दांडा, मग वॉशर आणि नट. वॉशर उलटा बसला तर पातं एकतर डगमगतं नाहीतर फिरतच नाही.

मॅटशिवाय कटर घेण्यात अर्थ नाही. लाकडी टेबलावर किंवा फरशीवर पातं पाच मिनिटांत संपतं. हिरवा किंवा निळा, कापल्याच्या खुणा स्वतःच मिटवणारा मॅट आपल्याकडे ए-थ्री, ए-टू आणि ए-वन या मापांत मिळतो. ए-थ्री घेऊ नये, पैसे वाया जातात. ४४ इंची कापड मधोमध दुमडलं की २२ इंच होतं, आणि त्यासाठी किमान ए-टू, म्हणजे साधारण ४२ बाय ५९ सेंटिमीटर लागतो. जागा असेल तर ए-वन घ्यावा, कापड सारखं सरकवावं लागत नाही. मॅटचा खरा शत्रू उष्णता. उन्हात ठेवला, त्यावर इस्त्री टेकली, गरम चहाचा कप ठेवला, तरी तो कायमचा वाकतो, आणि वाकलेल्या मॅटवर सरळ कापलं जात नाही. कपाटामागे उभा करून ठेवू नये. आडवा, सपाट, पलंगाखाली ठेवावा. मॅटवरच्या रेषांवर मापासाठी विसंबू नये. स्वस्त मॅटवर त्या एका टोकाला दीड-दोन मिलिमीटर चुकलेल्या असतात. माप नेहमी पट्टीवरून घ्यावं.

पट्टी ६ बाय २४ इंचांची, पारदर्शक अक्रिलिकची, ३ मिलिमीटर जाडीची हवी. शाळेतल्या पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर पातं चढतं आणि बोटाकडे येतं. क्विल्टिंगची पट्टी सहज मिळाली नाही, तर अक्रिलिकचे बोर्ड बनवणाऱ्या दुकानातून लेझरने कापून घेता येते. रेषा खालच्या बाजूला कोरायला सांगाव्यात, म्हणजे कापडाला चिकटून असतील आणि डोळ्याचा कोन बदलला तरी माप चुकणार नाही. हातात पडली की एकदा तपासावी: कागदावर पट्टीच्या कडेने रेष मारायची, पट्टी उलटी करून त्याच रेषेला लावायची. मध्ये फट दिसली तर कड वाकडी आहे, परत करावी.

कापताना जुन्या मऊ साडीला आधी पातळ खळ देऊन इस्त्री करावी. मऊ कापड पट्टीखाली सरकतं, खळीने ते कागदासारखं राहतं. खळ पहिल्या धुण्यात निघून जाते. कापड उभ्या धाग्यात दुमडावं. पट्टीवर पंजा पसरून बोटं कडेपासून दूर ठेवावीत. कटर अंगापासून दूर न्यावा, अर्ध्यावर थांबावं, पातं कापडातच राहू द्यावं, पट्टीवरचा हात वर सरकवावा आणि मग उरलेलं कापावं. २४ इंच एका दमात कापायला गेलं की पट्टीचं वरचं टोक फिरतं. सुती कापडाचे चार थर एका वेळी पुरे. सहा होतात, पण सगळ्यांत खालचे दोन चुकतात.

अस्तराला मात्र कटरची गरज नाही. साडी धाग्यात फाडण्याची आपली जुनी पद्धतच तिथे चांगली. साडेपाच मीटरची साडी मधोमध फाडली की १०८ इंची दोन तुकडे होतात. काठ काढून लांबीला लांबी जोडले की सुमारे ८० इंच रुंदीचं अस्तर तयार. लागतं ६४ बाय ९४, म्हणजे कडेच्या उरलेल्या पट्ट्यातून अडीच इंची, १०८ इंच लांब अशा तीन पट्ट्या निघतात. गोधडीचा घेर ३०० इंच, जोडणीसाठी १० इंच, आणि आपल्याकडे ३२४. गोटाला, म्हणजे कडेभोवती शिवायच्या पट्टीला, वेगळं कापड घ्यावं लागत नाही. फाडलेल्या कडेला धागे ओढले जाऊन ती किंचित लहरते. अर्धा इंच कापून टाकावी.

आता वॉकिंग फूट. या तीन वस्तूंतली हीच सर्वांत कमी लोकांना माहीत आहे, आणि हिच्याच अभावी मशीनवरच्या गोधड्या ‘घरगुती’ दिसतात.

घरगुती मशीनमध्ये कापड ओढायचं काम खालचे दात करतात. वरचा फूट फक्त दाबून धरतो. दोन थर असतील तर चालून जातं. गोधडीत तीन-चार थर असतात. खालचं अस्तर दातांबरोबर पुढे जातं आणि वरचं कापड फुटाखाली अडून राहतं. ९० इंचांच्या टिपेत हा फरक दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि टीप दुसऱ्या टिपेला जिथे छेदते तिथे वरचं कापड चुणी होऊन अडकतं. गिऱ्हाईक गोधडी हातात घेतं ते आधी या चुणीवरूनच बोट फिरवतं. वॉकिंग फुटाला स्वतःचे दात असतात. त्याची एक दुबेळकी दांडी सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसते. सुई वर आली की दांडीमुळे वरचे दात कापडावर टेकतात आणि खालच्या दातांबरोबर मागे सरकतात. कापड दोन्ही बाजूंनी धरलं गेलं की थर एकत्र चालतात. वरच्या दातांना स्वतःची ताकद नसते, ते खालच्यांच्या आधाराने चालतात. म्हणून मशीनचे दात खाली घालून हा फूट वापरता येत नाही, आणि वेलबुट्टीसारखी मुक्त टीप याने होत नाही. तिच्यासाठी कापड हाताने हवं तसं फिरवू देणारा डार्निंग फूट वेगळा.

विकत घेण्याआधी मशीनची फूट लावायची दांडी (शँक) मोजावी. फूट खाली टेकवून त्याच्या तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंतचं अंतर पाऊण इंचाच्या आत असेल तर लो शँक, इंचभर किंवा जास्त असेल तर हाय शँक. उषा जानोमेची नेहमीची घरगुती मशीनं लो शँक आहेत. जुन्या काळ्या मशीनवर लावायचा असेल तर सुईचा स्क्रू उजवीकडे बाहेर आलेला आहे का हे पाहावं. तो नसला तर दुबेळक्याला बसायला जागाच नाही. बाजारात बिननावाचे स्वस्त फूट पुष्कळ आहेत. त्यातले काही वर्षभर चालतात, काहींची आतली प्लास्टिकची कड दोन महिन्यांत झिजते. दुकानात हातात घेऊन दांडी वर-खाली करून पाहावी: वरचे दात प्रत्येक वेळी सारखेच खाली आले पाहिजेत आणि सोडल्यावर स्प्रिंगने झटकन परतले पाहिजेत. डावी-उजवीकडे खेळ जाणवला तर घेऊ नये. रोजचं काम असेल तर मशीनच्या कंपनीचाच घ्यावा, महाग पडला तरी. सोबत टिपांमधलं अंतर राखणारी वाकडी सळई मिळते, ती आहे याची खात्री करावी. तिच्यामुळे खडूची प्रत्येक रेष आखावी लागत नाही.

बसवताना सुई सर्वांत वर आणावी. नेहमीचा फूट फक्त खटका दाबून न काढता त्याची पूर्ण दांडी स्क्रू सोडून काढावी. दुबेळकं आधी सुईच्या स्क्रूवर अडकवावं, मग फूट मागून सरकवून बसवावा, आणि स्क्रू बोटाने नव्हे, स्क्रूड्रायव्हरने घट्ट करावा. मग हाताने चाक तीन वेळा पूर्ण फिरवून सुई कुठे आपटत नाही हे पाहावं, त्यानंतरच मोटर. सुई मधल्या जागी, टीप सरळ, टाका ३ ते ३.५ मिलिमीटर. त्याहून बारीक टाका जाड थरांत गुंतल्यासारखा दिसतो. फुटाचा दाब कमी करायची सोय असेल तर एक घर कमी करावा. सुई सुती थरांना १४ नंबरची, चार थर आणि त्यात काठ आला तर १६. उलटी टीप मारू नये, वरचे दात उलट्या चालीसाठी बनवलेले नसतात. सुरुवातीला आणि शेवटी टाका एक मिलिमीटरवर आणून दहा टाके घालावेत, तेवढ्याने टीप पक्की होते.

टिपा मधून कडेकडे न्याव्यात. पहिली टीप लांबीला मधोमध, मग तिच्या उजवीकडच्या सगळ्या, मग गोधडी फिरवून डावीकडच्या. एका अर्ध्यातल्या सगळ्या टिपा एकाच टोकाकडून सुरू कराव्यात. एक वरून, पुढची खालून असं केलं तर टिपांमधलं कापड तिरपं ओढलं जातं आणि चौकोन समांतरभुज होतात. हाताने शिवताना हे बंधन नसतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात त्या कडेकडून सुरू करून गोल फिरत आत येतात, आणि तरी ती सपाट राहते. कारण तिथे कापड ढकलणारं यंत्र नसतं, प्रत्येक तुकडा लावताना हातच त्याला जागेवर बसवतो. मशीनवर ती रीत उचलली तर मध्यावर मोठा फुगवटा जमतो.

थर एकत्र धरायला सेफ्टीपिना लावाव्यात, दर तळहाताच्या अंतरावर एक. ६० बाय ९० ला साधारण दोनशे पिना लागतात. लांब कच्चे टाकेही चालतात, पण ते वॉकिंग फुटाच्या दातांत अडकतात.

तरीही बिघाड होतातच. टाके मधेच बारीक झाले तर बहुधा गोधडी टेबलावरून खाली लोंबते आहे आणि तिच्या वजनाने मागे ओढलं जातं आहे. मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीचा आधार ठेवावा, जेवणाचं टेबल किंवा इस्त्रीचं टेबल चालतं. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसले तर बॉबीनला दोष देण्याआधी वरचा दोरा पुन्हा ओवावा, आणि ओवताना फूट वर उचललेला असावा. फूट खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. टाके सुटले तर सुई बदलावी. दर दोन गोधड्यांमागे एक सुई हा खर्च हिशेबात धरावा. वॉकिंग फुटाची कटकट नेहमीचीच असते, तिला घाबरू नये. पण एकदम मोठा ठोका ऐकू आला तर ताबडतोब थांबावं: दुबेळकं स्क्रूवरून सुटलं आहे किंवा फुटाचा स्क्रू ढिला झाला आहे. हादऱ्याने तो सुटतोच. दर अर्ध्या तासाने एक फिरकी घट्ट करायची सवय लावली तर सुई मोडत नाही.

तीन इंचांवर एक या हिशेबाने ६० इंच रुंदीत २० टिपा, प्रत्येक ९० इंचांची, म्हणजे साधारण ४६ मीटर शिवण. साडेतीनशे-चारशे टाक्यांच्या वेगाने प्रत्यक्ष सुई चालते ती पाऊण तास. बाकीचे तीन-सव्वातीन तास गोधडी गुंडाळणं, फिरवणं, पिना काढणं यात जातात. दोरा शिवणीच्या तिपटीने धरावा, म्हणजे दीडशे मीटर जवळ ठेवावा.

हेच काम हाताने, धावदोऱ्याने, इंचा-इंचावर केलं तर १३७ मीटर शिवण होते. मीटरला सहा-सात मिनिटं लागत असतील तर पंधरा तास. हा फरक गिऱ्हाइकाला सांगायलाच हवा, आणि किंमतही वेगळी हवी. तुकडे मशीनवर जोडून वरचा धावदोरा हाताने, ही मधली वाट बाजारात चांगली चालते, कारण बोटांना जाणवतो तो धावदोराच. मात्र मशीनची टीप असलेल्या गोधडीला ‘हातशिलाई’ म्हणू नये.

मधल्या थराबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. जुन्या सुती साड्यांचे थर हा आपला मूळ प्रकार, आणि विकण्यासाठीही तोच सर्वांत चांगला. ६० बाय ९० म्हणजे साधारण साडेतीन चौरस मीटर. साडीचं कापड चौरस मीटरला नव्वदेक ग्रॅमचं धरलं तर चार थरांची गोधडी सव्वा किलोच्या आसपास भरते, अंगावर बसते, धुतली की आणखी मऊ होते. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात एवढंच. पॉलिस्टरचं वॅडिंग, म्हणजे मध्ये घालायचा तयार फुगीर थर, हलकं आणि स्वस्त. १५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅमचं, या मापाला फक्त अर्धा किलो होतं. पण त्याची दोन दुखणी आहेत. त्याचे तंतू विरळ सुती कापडातून वर येतात आणि काही धुण्यांनंतर गोधडीला पांढरी लव दिसते. घट्ट विणीचं कापड वापरल्याशिवाय हे थांबत नाही. आणि गरम इस्त्री लागली की ते चपटं होऊन कडक होतं. घ्यायचंच असेल तर दोन्ही बोटांत धरून हलकं ओढून पाहावं: थर सहज सुटे झाले तर धुण्यात गोळे होणार. सुट्टा कापूस पिंजून भरायचा असेल तर टिपा दोन इंचांच्या आत हव्यात, नाहीतर तो एका कोपऱ्यात जमतो. तसली रजई पिंजाऱ्यानेच करावी. जुनं लोकरी ब्लँकेट मध्ये घालणं टाळावं. पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि वरचं कापड सुरकुततं.

मध्ये काहीही असो, नवं कापड आधी धुऊन घ्यावं. सुती कापड तीन ते पाच टक्के आकसतं, म्हणजे ९० इंचांत तीन-चार इंच. रंग तपासायला ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहावा. रंग सुटत असेल तर मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्याने सुती कापडाचा रंग पक्का होत नाही. रंग जाईपर्यंत धुवावं, नाहीतर ते कापड गोधडीत घेऊच नये. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चौकोनावर लाल डाग पडला तर ती गोधडी परत येते.

मशीन बदलायची वेळ कधी येते? महिन्याला सहा-सात गोधड्यांची मागणी टिकून असेल तेव्हा. घरगुती मशीनच्या आडव्या हाताखाली, सुईच्या उजवीकडे, सहा-साडेसहा इंच जागा असते आणि त्यात ३० इंचांची गुंडाळी कोंबावी लागते. खांदे भरून येतात ते यानेच. जुकी डीडीएल-८७०० सारख्या कारखान्यातल्या मशीनला दहा इंचांच्या आसपास जागा मिळते आणि वेग मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत जातो, जो गोधडीला अजिबात लागत नाही. त्यातही कापड खालचेच दात ओढतात, म्हणजे थर सरकण्याचा त्रास तसाच राहतो. घ्यायचंच तर वरचा फूट आणि सुई दोन्ही चालणारं मशीन बघावं, आणि मोटर सर्व्हो असावी: ती हळू चालते आणि पाय सोडला की थांबते. त्या मशीनची सुई वेगळ्या जातीची असते, घरची चालत नाही.

आता किंमत. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, आपापले घालावेत. कापड, अस्तर, मधला थर, दोरा मिळून १,३०० रुपये. तास असे: कापणं दीड, तुकडे जोडणं सहा, थर जुळवणं दीड, टिपा चार, गोट तीन, धागे कापणं-धुणं-घडी दोन, एकूण १८. तासाला ७५ रुपये धरले तर १,३५०. सुया, पाती, वीज, पिशवी १५०. गोधडी घरातून निघते तेव्हाच २,८०० रुपयांची असते. दुकान विक्रीच्या ३० टक्के ठेवत असेल तर बहुतेकजणी २,८०० वर ३० टक्के चढवून ३,६४० किंमत लावतात. दुकान त्यातले १,०९२ ठेवतं, हातात येतात २,५४८, म्हणजे प्रत्येक गोधडीमागे २५२ रुपयांचा तोटा. बरोबर रीत म्हणजे २,८०० ला ०.७ ने भागणं: ४,००० रुपये. महालक्ष्मी सरस किंवा भीमथडीसारख्या जत्रेत स्वतः विकलं तर हा वाटा वाचतो, पण तिथला गाळा, जाणं-येणं आणि उभं राहण्याचे दिवस हेही खर्चात मांडावे लागतात, आणि किंमत दुकानापेक्षा फार खाली नेऊ नये, नाहीतर दुकानदार माल परत करतो.

कुरिअरने पाठवताना वजनाआधी खोक्याचं माप मोजावं. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर त्यावर पैसे घेतात. ४० बाय ३५ बाय १५ च्या खोक्यात सव्वा किलोची साडीची गोधडी ४.२ किलोच्या भावाने जाते. तीच घट्ट गुंडाळून, दोन ठिकाणी सुती पट्टीने बांधून ४० बाय २० बाय १५ च्या पिशवीत घातली तर २.४ किलो. वॅडिंगची गोधडी एवढी दाबून फार दिवस ठेवू नये, घडीवर तिची जाडी परत येत नाही. आत एक चिठ्ठी ठेवावी: थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत आडवी वाळवणं, आणि मध्ये कोणता थर आहे ते.